दोन फर्लांग पाणी

आषाढ लागला तरी आभाळात ओला ढग नव्हता. धानाचे पऱ्हे, लावणीची रोपं, वाफ्यातच पिवळे पडले होते. बंधवा तलावाचं पाणी आठवड्याला एकेक पायरी खाली सरकत होतं आणि उघड्या पडलेल्या गाळाला पाय अडकेल एवढ्या भेगा गेल्या होत्या. एकोणीसशे पासष्टचं साल. पलीकडे भिलाईच्या कारखान्याच्या भट्ट्या पेटलेल्या, आणि अलीकडे गावातली माणसं पाण्याला भीत भीत हात लावत होती.

त्या सकाळी मथुरा ठेला ढकलत तलावाच्या पाळीवर चढली तेव्हा गावचा सियान, वडीलधारा बाबुलाल चार माणसं घेऊन वर उभाच होता. ठेल्यावर गोधडीत तिचा नवरा तेजराम उताणा निजला होता.

"बाई, आज ले एला तरिया म झन उतार," बाबुलाल पायऱ्यांपुढे हात आडवा धरत म्हणाला.

"कावून?"

"पानी कमती हे. इही ल हमन पीबो, इही ल गाय-गरू पिही."

"ते काय तलाव पिऊन घेनार हायेत का?"

मागून एक जण बोलला, "पीता नहीं, मूतता है. पूरा गाँव जानता है."

मथुरेच्या कानशिलांतून वाफ निघाली. खोटं तर नव्हतं. छातीखालचं काहीच तेजरामच्या ताब्यात नव्हतं. पाण्यात उतरवण्याआधी ती त्याचं ओटीपोट दाबून डब्यात मोकळं करून घ्यायची, पण शेवटी शरीर ते. तलावात दिवसभर म्हशी लोळतात, त्या काय घरी जाऊन मुततात का, असं तिच्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात ठेल्यावरून तेजराम म्हणाला, "ठेला फिरव, मथुरा."

बाबुलाल वाईट माणूस नव्हता. गेली दोन वर्षं कितीदा तरी त्यानंच तेजरामच्या काखेत हात घालून त्याला पायऱ्यांवरून खाली नेलं होतं. ठेला वळताना, माझ्या हातात नाही अशा अर्थानं, तो हळूच म्हणाला, "मोर बस म नइ हे, बाई." मथुरेनं वर पाहिलं नाही.

तेजराम ढिवराचा, मासेमाराचा पोर. तुमसरखालच्या वैनगंगेच्या काठी जन्मला, चालायच्या आधी पोहायला शिकला असं त्याची माय सांगायची. कारखाना उभा राहू लागला तेव्हा गावच्याच केवलरामबरोबर तो इकडे आला आणि खलाशी झाला. शंभर हात उंचीवर लोखंडी गर्डर चढवायचे, दोराला लोंबकळत नट कसायचे. दर पंधरा ऑगस्टला खलाशांची पोहण्याची शर्यत व्हायची. कंपनीच्या मोठ्या तलावात या काठावरून त्या काठावर, दोन फर्लांग, म्हणजे पाव मैल. दोन वर्षं तेजराम पहिला आला आणि दोन्ही वर्षं केवलराम दुसरा.

एकसष्टच्या वैशाखात, सुट्टीच्या दिवशी, सरावाला गेले असताना तेजरामनं पंपघराच्या भिंतीवरून सूर मारला. पाणी उन्हानं उतरलं होतं. खाली गाळ होता आणि गाळात दगड. तो वर आला तो पालथा, हात पसरून. सोंग करून राहिला, असं समजून केवलराम काठावर हसत होता. हसता हसता त्यानं बराच वेळ घालवला.

मानेचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात पाच महिने ठेवून डॉक्टरांनी घरी पाठवलं. खांदे हालत, कोपर दुमडायचे, मनगट जरा वर उचलायचं. बोटं मेलेली, पाय मेलेले. मथुरा तेव्हा वीस वर्षांची, पोटी पोर नाही. माहेराहून न्यायला भाऊ आला, त्याला तिनं भाकर वाढली आणि एकट्यालाच गाडीत बसवून दिलं. मग रेजा म्हणून बांधकामावर जाऊ लागली. दिवसभर डोक्यावर गाऱ्याचं घमेलं, आल्यावर नवऱ्याचं हागमूत, दर दोन तासांनी त्याला या कुशीवरून त्या कुशीवर करणं. दुपारी शेजारची राधाबाई येऊन कूस वळवून जायची.

दुसऱ्या वर्षी एक दिवस तेजराम म्हणाला, "मले पान्यात टाक."

मथुरा त्या दिवशी त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तिला वाटलं, हा जीव द्यायचा म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच म्हटलं, तिसऱ्या दिवशीही. शेवटी तिनं ठेला आणला, त्याला बंधव्यावर नेलं आणि त्याच्या काखेखालून दोर बांधून दुसरं टोक स्वतःच्या कमरेला आवळलं. तिला पोहता येत नव्हतं. ती कोरडवाहू गावची, गुडघ्याच्या वर पाणी कधी पाहिलेलं नाही. बुडलो तर दोघं बुडू, एवढाच विचार करून ती गळ्याएवढ्या पाण्यात शिरली आणि त्याच्या मानेखालचा हात काढला.

तेजराम तरंगला. पाय खाली लोंबले, पण छाती, तोंड वर राहिलं. थोड्या वेळानं त्यानं दोन्ही खांदे उडवले, हात पाण्यावर आपटले, आणि एक वीत मागं सरकला. मग हसला. दीड वर्षानं तिनं तो आवाज ऐकला आणि तिथंच पाण्यात उभ्या उभ्या रडली.

तेव्हापासून रोज. गुडघ्यांखाली वाळका भोपळा बांधायचा, म्हणजे पाय वर राहत. उताणा पडून तो खांद्यांतून हात फेकायचा आणि कुशीकडे ओढायचा. मथुरा गळ्याएवढ्या पाण्यात खांबासारखी उभी, आणि तो तिच्याभोवती फेऱ्या घालायचा. ती मोठ्यानं हात मोजायची. पन्नास, शंभर, पुढं पुढं सहाशे. बाहेर आल्यावर त्याच्या पायांवरच्या जळवा ती मीठ लावून काढायची. रक्त वाहायचं, आणि त्याला ठाऊकही नसायचं.

"किती निघाल्या?" तो विचारायचा.

"चार."

"आज कमी जेवल्या," तो म्हणायचा.

बंधवा बंद झाला त्या संध्याकाळी केवलराम आला. रोजच यायचा. आल्यावर आधी तेजरामची दाढी करायचा, मग बोलायचा.

"मोठ्या तलावात पानी हाय. कालव्याचं सोडून राहिले," तो वस्तऱ्यावरचा साबण पुसत म्हणाला.

मथुरेनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षांत त्या तलावाचं नाव या झोपडीत कुणी काढलं नव्हतं.

"तेथं शर्यत होते," तेजराम छताकडे पाहत म्हणाला. "पंधरा ऑगस्टले."

"होते."

"माह्यं नाव दे."

केवलरामचा वस्तरा थांबला. "तेजा, दोन फर्लांग हाय ते."

"मले सांगतं? मी दोनदा पोहलो. तू माह्या मागून येत होता."

दुसऱ्या दिवसापासून मथुरा साडेतीनला उठू लागली. ठेला ढकलत दीड कोस जायचं, उजाडता उजाडता पाण्यात उतरायचं, सातला परत निघायचं, आठला कामावर हजेरी. केवलराम काठावर यायचा आणि तेजरामला पाण्यात धरायला हात द्यायचा. पहिल्या दिवशी पंपघराची भिंत दिसली तशी तिची पावलं अडली. तेजरामनं मान जेवढी वळत होती तेवढी वळवली आणि बराच वेळ भिंतीकडे पाहिलं.

"आता किती खोल असन वो तेथं?"

"मले काय मालूम."

"त्या दिवशी कोनाले तरी इचारून घ्यायले पायजे होतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "चाल, उतरव."

शर्यतीचं काम श्यामराव नावाच्या कारकुनाकडे होतं. नागपूरचा सभ्य माणूस, डोळ्यांवर जाड चष्मा. केवलरामनं फार गळ घातली तेव्हा तो एका रविवारी झोपडीत आला. चौकटीवर डोकं आपटू नये म्हणून वाकून आत शिरला आणि कुठं बसावं ते न कळून उभाच राहिला.

"अहो, पण काही कमी-जास्त झालं तर जबाबदार कोण?"

"मी," तेजराम म्हणाला.

"आणि तो भोपळा चालणार नाही. काही बांधून पोहणं म्हणजे बाकीचे हरकत घेतील."

"नाही बांधत."

मथुरेनं दचकून नवऱ्याकडे पाहिलं. भोपळ्याशिवाय त्याचं खालचं अंग दगडासारखं लोंबायचं. पण तो श्यामरावाकडे पाहत होता, तिच्याकडे नाही.

श्यामरावानं कागद काढला. जिवाचं बरंवाईट झाल्यास तक्रार नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. शाईचा पॅड पुढं केला. मथुरेनं तेजरामचा अंगठा धरून शाईत दाबला, मग कागदावर दाबला. बोट सरळ होईना, ठसा फिसकटला. पुन्हा दाबला.

"मी सही करत होतो, साहेब," तेजराम म्हणाला. "इंग्रजीत."

श्यामरावानं चष्मा काढून पुसला.

भोपळा सुटल्यावर तेजरामचे हाल झाले. जिथं सहाशे हात सहज व्हायचे तिथं शंभरातच दम तुटू लागला. नाकातोंडात पाणी जायचं, खोकायला छातीत जोर नाही. मथुरा त्याला कुशीवर करून पाठ थोपटायची, पाणी निघालं की तो म्हणायचा, "पुन्हा." कधी गार पाण्यानं मेलेले पाय आपोआप झटके द्यायचे. मग हळूहळू त्याला गवसलं. डोकं जास्त मागं टाकायचं, छाती फुगवून धरायची, हात फेकून थोडं थांबायचं. दोनशे झाले, चारशे झाले. कामावर गारा वाहताना मथुरेच्या तोंडात आकडेच घोळायचे.

जिवतीच्या, आषाढी अवसेच्या आदल्या संध्याकाळी त्याचं अंग पुसताना तिला ते दिसलं. माकडहाडावर रुपयाएवढी जागा काळी पडली होती. तिनं ओला कपडा लावला तर कातडी सायीसारखी सरकली. खाली लाल खड्डा. वास आला.

दवाखान्यातल्या कंपाउंडरला तिनं नुसतं तोंडानं सांगितलं. तो म्हणाला, "पाण्यात नेऊ नका. भरून येईपर्यंत एकदम सुकं ठेवा. घाण आत गेली की हाडापर्यंत जाते, मग आपल्या हातात राहत नाही."

घरी येऊन तिनं तेजरामला सांगितलं. 

"शर्यतीले किती दिवस रायले?"

"अठरा. पन जायचं नाही आता. फुडल्या साली पाहू."

"झाकून ठेव. कोनाले सांगू नोको."

"कंपाउंडर म्हनते हाडाले लागन."

"मले दुखत नाही."

"तुमाले दुखत नाही म्हनूनच तं!"

दुसऱ्या दिवशी साडेतीनला ती उठली नाही. जागी होती, उठली नाही. तो ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. उजाडलं तेव्हा तिनं चहा केला, चमचा त्याच्या ओठाला लावला, त्यानं तोंड उघडलं नाही. कामावरून आली तर राधाबाईनं केलेली पेजही तशीच. रात्री तो बोलला.

"मी तुह्या हातानं खातो, मथुरा. तुह्या हातानं हागतो. पान्यात तेवढा माह्या मी हालतो. पन पान्यापावतर नेनारा बी तुह्याच ठेला हाय. तू नाही म्हनशीन तं मी काय करनार?"

रागानं बोलला असता तर ती भांडली असती. तो रागानं बोलला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पहाटे मथुरेनं जखमेवर दवाखान्यातली मलमपट्टी चिकटवली, वरून मेणकापड लावलं, त्यावरून लंगोटीसारखं धोतर घट्ट आवळलं आणि ठेला काढला. केवलराम काठावर भेटला. "वयनी, काल-परवा आल्या नाही?"

"अंग दुखत होतं माह्यं," ती म्हणाली.

पुढचे पंधरा दिवस ती रोज संध्याकाळी मेणकापड सोडायची आणि खड्डा पाहायची. तो कधी तसाच असायचा, कधी बोटभर आत गेलेला. राधाबाईनं विचारलं, वास कशाचा येऊन राहिला वो, तर मथुरेनं नालीचा म्हणून सांगितलं.

पंधरा ऑगस्टला काठावर मांडव होता, कर्णा लावला होता, झेंडा फडकत होता. ढगाळ होतं, पण पाऊस नव्हताच. एकवीस खलाशी लंगोट लावून रांगेत उभे, आणि बाविसावा तेजराम गळ्याएवढ्या पाण्यात बायकोच्या हातावर. लोक बोटं दाखवत होते. एक बाई पोराला म्हणाली, "मत देख." केवलरामनं त्या वर्षी शर्यतीत नाव दिलं नव्हतं. तो तेजरामच्या बाजूनं पोहणार होता. अंगाला हात लावायचा नाही, लागला की बाद, असं श्यामरावानं दोनदा बजावलं.

शिट्टी झाली. मथुरेनं हात काढला. सगळे पाणी उडवत गेले आणि त्यांच्या लाटा तेजरामच्या तोंडावरून गेल्या. तो बुडाला, वर आला, थुंकला, आणि पहिला हात फेकला.

ती पाण्यातून निघाली आणि ओल्या लुगड्यानं पाळीवरून चालू लागली. त्याचं धोतर, गोधडी, मुताचा डबा, सगळं ठेल्यावर टाकून ठेला पलीकडच्या काठाकडे ढकलत. चालता चालता मोजत. एवढ्या लांबून त्याला ऐकू जाणार नव्हतं, तरी मोठ्यानं मोजत.

पहिला खलाशी दहा मिनिटांच्या आत पोचला. टाळ्या झाल्या. शेवटचा पोचला तेव्हा तेजराम पाव रस्त्यातही नव्हता. मग कर्ण्यावरून नावं पुकारू लागले, बक्षिसं वाटली, लाडवांच्या टोपल्या उघडल्या. माणसं मांडवाकडे वळली. पाण्यावर दोन डोकी राहिली. एक आभाळाकडे पाहणारं, एक त्याच्याकडे पाहणारं.

मध्यावर तो थांबला. हात हालेनात. मथुरा तोवर पलीकडे पोचली होती. तिथं श्यामराव हातात घड्याळ घेऊन एकटा उभा होता.

"बाई, होडी पाठवू का?"

 तिला त्या क्षणी मेणकापड दिसत होतं. तीन पावलांवर पाण्यात होडीत दोन नावाडी वल्ही धरून तयार होते. ती हो म्हणाली असती तर चार मिनिटांत तो बाहेर आला असता, सुका झाला असता.

"बाई?"

"नोको, साहेब."

तेजरामचा एक हात वर आला. पाण्यावर पडला. मग दुसरा.

त्यानंतर किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. तिची मोजणी चुकली, पुन्हा एकपासून सुरू केली, पुन्हा चुकली. तो मागं मागं येत असल्यामुळे काठ त्याला दिसत नव्हता. त्याचं डोकं दगडी पायरीला खट्टकन लागलं तेव्हाच त्याला कळलं. मथुरा पाण्यात बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचे ओठ निळे पडले होते.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"लागलं," तो म्हणाला. "लय चांगलं लागलं."

श्यामरावानं घड्याळ पाहिलं. "एक तास अकरा मिनिटं." त्यानं यादीच्या तळाशी पेन्सिलनं लिहिलं, तेजरामला वाचून दाखवलं, आणि मग काय करावं ते न सुचून लष्करातल्यासारखा हात कपाळाला लावला.

पाचव्या दिवशी ताप चढला. सहाव्या दिवशी तो वेगळंच बोलू लागला, वैनगंगेच्या डोहातल्या मासळीचं. केवलरामनं पाठीवर घेऊन त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पट्टी सोडली आणि नाकाला रुमाल लावला.

"ये कब से है?"

मथुरा म्हणाली, "एक महिना."

"तुमको मालूम था?"

"हाव. मले मालूम होतं."

केवलराम तिच्या बाजूलाच उभा होता. तिला वाटलं, आता हा आपल्याकडे पाहील. त्यानं पाहिलं नाही. तो बाहेर निघून गेला.

पोळ्याच्या दिवशी तेजरामला थोडी शुद्ध आली. त्यानं मथुरेला जवळ बोलावलं. तोंडाला कोरड पडली होती, शब्द चिकटत होते.

"मधात थांबलो म्हनून येळ गेला. नाही तं तासाच्या आत होत होतं."

"हाव."

"फुडल्या साली थांबत नाही."

"नोका थांबू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, पोळ्याच्या पाडव्याला, पहाटे तो गेला. बाहेर कॅम्पातली नागपूरकडची पोरं मारबत हाकलायला पळसाच्या फांद्या घेऊन ओरडत चालली होती, रोगराई घेऊन जा गे मारबत, इडा पिडा घेऊन जा गे मारबत. मथुरेनं उठून खिडकी लावली.

तेरा दिवस केवलराम सगळ्या कामांत होता, लाकडं आणण्यापासून पत्रावळी उचलण्यापर्यंत, पण तिच्याशी बोलला नाही. ती समजून होती. आपण नवऱ्याला मारलं, आणि हे याला कळलं आहे. तो तोंडावर म्हणत नाही एवढंच. तेरवी झाल्यावर पाहुणे गेले, राधाबाई भांडी घासायला नळावर गेली, आणि केवलराम दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"बोला, भाऊजी," मथुरा म्हणाली. "जे बोलायचं ते बोलून टाका. मी आयकते."

तो खाली बसला. उंबऱ्याचं लाकूड नखानं खरवडू लागला.

"मले मालूम होतं, वयनी."

"काय?"

"जखमेचं. तुमी दोन दिवस आल्या नाही ना, त्याच संध्याकाळी. तुमी कामावरून यायच्या आधी मी दाढी कराले आलो होतो. त्यानं सांगतलं. म्हने, मथुरेले कळू देऊ नोको तुले मालूम हाय म्हनून. ते घाबरन, ठेला बंद करन." त्याचं नख लाकडात रुतलं. "मी त्याले रोज पान्यात धरत होतो. मले वास येत होता."

मथुरा उठली. दोन पावलांत त्याच्याजवळ गेली आणि दोन्ही मुठींनी त्याच्या खांद्यांवर, पाठीवर मारू लागली. "मंग कावून नाही थांबवलं तुमी? कावून नाही थांबवलं? एक शब्द बोलले असते तं मी ठेला जाळून टाकला असता!"

तो मार खात बसून राहिला. हात वर केला नाही. तिचे हात दमले तेव्हा त्यानं मान वर केली.

"तुमी कावून नाही थांबवलं, वयनी?"

  मथुरा तिथंच उंबऱ्यापाशी त्याच्या समोर खाली बसली. राधाबाई घासलेली भांडी घेऊन आली, दारात थबकली. तिला वाट हवी होती. पण दोघांपैकी कोणी सरकलं नाही, म्हणून तीही भांडी कडेवर धरून तशीच उभी राहिली.